तुझ्या खोलीपर्यंतची वायर

३ फेब्रुवारी, सोमवार

चि. ठमीस,

तुझा निरोप मावशीने पोचवला. या महिन्याच्या तेवीस तारखेला, रविवारी दुपारी चार वाजता, तू मावशीच्या टॅबवर फोन लावणार, बाबांना एकदा बघणार, आणि आम्ही तुझा नंबर मागायचा नाही. सगळं कबूल. पत्र लिहायला मात्र तुझी बंदी नाही असं मावशी म्हणाली आणि पत्त्याची चिठ्ठी हातावर ठेवली. इतकी वर्षं माझी सख्खी बहीण ताकास तूर लागू देत नव्हती. तिच्यावर रागवायचं की तिचे पाय धरायचे तेच कळेना. शेवटी चहा केला.

आता कामाचं. आमच्याकडे नेट आहे, पण ते बैठकीच्या खोलीत. खिडकीजवळ तो राउटर नावाचा डबा लावलाय, त्याला दोन शिंगं आहेत. आणि बाबा असतात तुझ्या खोलीत. म्हणजे मधल्या सामाईक बोळाच्या पलीकडे. तुला आठवतं ना, आपलं घर म्हणजे बोळाच्या अलीकडे बैठक आणि स्वयंपाकघर, पलीकडे तुझी एकटीची खोली, आणि मधून सगळ्या बिऱ्हाडांची ये-जा. त्या दगडी भिंतींमधून नेट पलीकडे जात नाही. मोबाइलला तर तुझ्या खोलीत एक दांडीसुद्धा दिसत नाही, मागे उंच इमारत झाली तेव्हापासून. बोळातून वायर टाकावी तर सोसायटीच्या सेक्रेटरीने पाटीच लावली आहे. मागे वरच्या मजल्यावरच्या आजी कुणाच्या तरी वायरीत पाय अडकून पडल्या, तेव्हापासून बोळात सुतळीसुद्धा बांधू देत नाही.

तू म्हणशील, मग बाबांनाच बैठकीत आणा. ते येत नाहीत. त्यांना तुझी खोली आवडते. खिडकी मोठी आहे, वारा येतो. थोडा खोकला आहे, बाकी ठीक. पलंगाशेजारी एक पंखा सारखा चालू असतो, त्याची घरघर फोनवर ऐकू आली तर घाबरू नकोस.

नेटवाल्याला उद्या बोलावलंय. तेवीस तारखेच्या आत तुझ्या खोलीत नेट आणते की नाही बघ. शिवणाच्या दुकानात जन्म काढला, धागा कुठून कुठे न्यायचा एवढं मला कळतं.

तुझी,
आई

१२ फेब्रुवारी, बुधवार

चि. ठमे,

मागच्या पत्रात मी पंखा लिहिलं. तो पंखा नाही. ते हवेतून प्राणवायू काढून देणारं यंत्र आहे, भाड्याने आणलंय. त्याची नळी बाबांच्या नाकाला असते, दिवसरात्र. त्यांची फुप्फुसं सुकत चालली आहेत. डॉक्टर म्हणाले, औषधाने थोडं लांबवू, बरं करता येणार नाही. किती लांबवाल विचारलं तर महिना-दोन महिने म्हणाले. यंत्र काढलं की दोन-चार मिनिटांत ओठ निळे पडतात, म्हणून बोळ ओलांडून बैठकीत आणायचं नाही असं त्यांनी बजावलंय. बाबा तुला कळवू नकोस म्हणाले होते. "दया म्हणून येणार असेल तर नको येऊ दे" असं म्हणाले. त्यांचं मी ऐकलं नाही. इतकी वर्षं ऐकून काय मिळालं ते मला ठाऊक आहे.

नेटवाला येऊन गेला. तोंडाची टकळी अशी की दम खात नाही, पण माणूस मनापासून काम करतो. सगळं घर फिरून म्हणाला, "काकू, नवी वायर टाकता येत नाही ना? मग भिंतीत आधीच आहे तीच वापरू. दोन वायरी आहेत, एक विजेची आणि एक टेलिफोनची. तुमच्या त्या खोलीत पूर्वी फोन होता का?"

होता तर. तुझ्या बाबांनीच घालून दिला होता. टेलिफोन खात्याचा लाइनमन घरात असल्यावर काय कमी. तू कॉलेजात पहिली आलीस तेव्हा बोळाच्या फरशीखालून पाइप नेऊन वायर घातली आणि सगळ्या बिऱ्हाडांना बोलावून दाखवलं, माझ्या मुलीच्या खोलीत स्वतंत्र फोन. नंबर बैठकीतलाच, पण फोन तिचा. नेटवाला म्हणाला, त्या वायरीच्या दोन टोकांना दोन छोट्या डब्या लावल्या की नेट सुरळीत जाईल, तो पहिला उपाय.

आम्ही हे पलंगाशेजारीच बोलत होतो. बाबा एकदम म्हणाले, "ती वायर गेलेली आहे. उंदरांनी खाल्लीय."

"कुठे खाल्लीय ते बघू की, बाबा," नेटवाला म्हणाला. तो सगळ्या म्हाताऱ्यांना बाबा म्हणतो.

"मी लाइनमन होतो. खाल्लीय म्हटलं ना. बैठकीच्या दारावरची ती डबी उघडायची नाही."

बोलता बोलता खोकल्याची उबळ आली. मग नेटवाल्याने विषय वाढवला नाही. मलाही आठवलं, उंदरांचं ते तेव्हाच म्हणाले होते. तुझ्या खोलीतला फोन अचानक मुका झाला आणि भिंत फोडल्याशिवाय दुरुस्त होणार नाही असं सांगितलं होतं. त्याच वर्षी तुझं लग्न ठरलं. ते सगळं आठवायला नको वाटतं.

तर आता विजेची वायर. प्लगमध्ये खोचायच्या दोन डब्या असतात, एक राउटरजवळ, एक तुझ्या खोलीत, आणि विजेच्या वायरीतूनच नेट पलीकडे जातं. मी म्हटलं, शॉक बसेल की हो तिला. नेटवाला पोट धरून हसला. बाबासुद्धा हसले. फार दिवसांनी हसताना बघितलं त्यांना.

डब्या शनिवारी लावणार आहे. बाकी सगळी तयारी झाली. बाबांनी दाढी करायला न्हावी घरी बोलावून ठेवलाय, अजून दहा-अकरा दिवस असताना. मी म्हटलं, तोवर परत उगवेल. तर म्हणाले, तालीम नको का?

आई

२४ फेब्रुवारी, सोमवार

ठमे,

काल तू फोन बंद केलास आणि मी रात्रभर तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. सकाळी लक्षात आलं की तुला काहीच माहीत नव्हतं, कारण आम्ही सांगितलं नव्हतं. म्हणून आधी सांगते, मग तुला हवं ते म्हण.

त्या शनिवारी नेटवाल्याने विजेच्या डब्या लावल्या. लावताना यंत्राचा प्लग मिनिटभर काढला होता. टॅबवर चित्र असं स्वच्छ आलं की मी टाळ्या वाजवल्या. यंत्र परत सुरू केलं आणि चित्र तुटलं. नुसते चौकोन. बंद केलं की चांगलं, सुरू केलं की चौकोन. दुसऱ्या प्लगला लावून पाहिलं, तिसऱ्या प्लगला पाहिलं, तेच. नेटवाला म्हणाला, यंत्राची मोटार वायरीत खरखर सोडते, त्या खरखरीत नेटचा आवाज दबतो. एकाच वायरीवर दोघांचं जमणार नाही. वीज गेली तर म्हणून प्राणवायूचं एक नळकांडं ठेवलेलं असतं, ते आधीच्या आठवड्यात वीज गेली तेव्हा संपलं. दुकानदार आज देतो, उद्या देतो करत राहिला.

"मी बोलेन तेवढा वेळ यंत्र बंद ठेवू," बाबा म्हणाले.

"आणि श्वास कोण घेणार, नेटवाला?"

"दोन मिनिटं निघतात. बोलायचंच काय आहे मला? एवढंच तर बोलायचंय."

ते एवढंच म्हणजे काय ते सांगेनात. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, दोन मिनिटांच्या वर जाऊ नका, आणि मी असा सल्ला दिला असं कुणाला सांगू नका. तुला आधी कळवते म्हटलं तर बाबांनी हात जोडले. "तिला कळलं तर ती लावणारच नाही. माझ्यामुळे मेला असं व्हायला नको, म्हणेल." त्यांनी हात जोडलेले मी लग्नानंतर कधी पाहिले नव्हते. मी गप्प बसले. बसायला नको होतं.

काल चारला तू आलीस. किती बारीक झाली आहेस गं. केस कापलेस ते छान दिसतात. मी पडद्याच्या बाजूला यंत्राच्या बटणाशी उभी होते म्हणून तुला दिसले नाही. मी डोळे भरून बघत होते.

तू म्हणालीस, "बाबा, मी आहे."

यांनी तोंड उघडलं. शब्द येण्याआधी दम संपला. तू थांबलीस. ते तुझ्याकडे बघत राहिले, तोंड तसंच उघडं. तुला वाटलं असेल, रोखून बघतायत, पूर्वी बघायचे तसे. मी बटणाकडे हात नेला की ते पांघरुणाखालून माझं मनगट धरत होते. यंत्र सुरू झालं की तू चौकोनांत जाणार, हे त्यांना माहीत होतं. बोलता आलं नाही तरी त्यांना तू दिसायला हवी होतीस. मग तू म्हणालीस, "अजून तेच का? एक शब्दसुद्धा नाही?" मी "अगं थांब" म्हणेपर्यंत पडदा काळा.

त्यांनी एक शब्द काढला नाही तो असा. अढी धरून नाही. बोलायला हवा नव्हती.

संध्याकाळपर्यंत ओठांचा रंग परत आला. रात्री म्हणाले, "केस कापलेत तिने." एवढंच.

तू एकदाच म्हणाली होतीस, आणि तो एकदा होऊन गेला. तरी मागते. अजून एकदा.

आई

३ मार्च, सोमवार

चि. ठमे,

तुझं कार्ड शनिवारी आलं. एकच ओळ. "पुढच्या रविवारी, नऊ तारखेला, चारला लावते, यंत्र चालू ठेवा." मी ते बाबांना तीनदा वाचून दाखवलं, नंतर त्यांनी स्वतः वाचलं, नंतर उशाखाली ठेवलं. त्या दिवशी त्यांनी दूधसुद्धा न कुरकुरता घेतलं.

ते कार्ड यायच्या आदल्या दिवशी जे झालं ते मला तुला सांगायचंय. सांगितलं तर तू रविवारी फोन लावशील की नाही, मला ठाऊक नाही. दोन दिवस मी हाच विचार करतेय. दुकानात एका बाईच्या बाह्या उलट्या जोडल्या.

मागच्या रविवारसारखं परत होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. नेटवाल्याला शुक्रवारी बोलावलं आणि म्हटलं, उंदरांनी खाल्ली तर खाल्ली, टेलिफोनची वायर कुठे खाल्लीय ते तरी बघू. बाबा झोपले होते. बैठकीच्या दारावर चौकटीला ती जुनी टेलिफोनची डबी आहे ना, तिच्यावर रंगाचे इतके थर की झाकण कुठे आणि भिंत कुठे ते दिसेना. त्याने रंग खरवडून स्क्रू काढले. मी स्टूल धरून उभी.

"काकू," तो म्हणाला, "उंदीर तुमच्याकडे फार शिकलेले होते वाटतं."

मी वर चढून बघितलं. तुझ्या खोलीकडे जाणाऱ्या दोन बारीक तारा स्क्रूवरून सोडवून ठेवल्या होत्या. तोडल्या नव्हत्या. प्रत्येक टोकावर प्लास्टिकची टोपी, दोन्ही टोकं मागे दुमडून दोऱ्याने बांधलेली, गाठ खालच्या बाजूला. ठमे, मी आयुष्यभर लोकांची टाचणी-टाके बघत आले. कुणाचा हात आहे ते मला सांगावं लागत नाही. आणि तेही सांगायचे ना जेवताना, नव्या पोरांना शिव्या घालत? गिऱ्हाइकाची लाइन बंद करायची झाली तर वायर कापायची नाही. सोडवायची, टोकं झाकायची, बांधून ठेवायची. उद्या कुणाला लागली तर दोन मिनिटांत जोडता आली पाहिजे. त्यांच्या हाताला दुसरं काही जमतच नव्हतं. आपल्या पोरीचा फोन तोडायचा होता तरी वायरीला ओरखडा येऊ दिला नाही.

नेटवाल्याने तारा स्क्रूला लावल्या. तुझ्या खोलीत कपाटामागे जुनी डबी होती, तिथे दुसरं टोक. त्याच्या त्या दोन छोट्या डब्या बसवल्या आणि टॅब लावला. यंत्र चालू. चित्र स्वच्छ. इतक्या वर्षांनीसुद्धा वायर ठणठणीत. नेटवाला खूष होऊन म्हणाला, "बाबा, कुणी घातली हो ही वायर? काम बघा काय केलंय!" बाबा जागे झाले होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तो गेल्यावर मी दार लावलं.

"उंदीर दोऱ्याची गाठ मारतात का हो?" मी विचारलं.

त्यांनी पांघरूण वर ओढलं.

"तोंडात मिठाची गुळणी धरू नका. श्वास आहे आज तुम्हाला, यंत्र चालू आहे."

मग बोलले. भिंतीकडे बघतच. तुझ्या मनात होता तो चष्मेवाला मुलगा तुला दुपारी फोन करायचा, हे त्यांना कळलं होतं. तो नोकरीसाठी लांब गेला होता आणि पत्र घरी आलं तर कुणाच्याही हाती पडेल म्हणून तुमचं फोनवर ठरलं होतं, हेही कळलं होतं. त्यांनी तेव्हा मागून रात्रपाळी घेतली. मी दुकानात, तू तुझ्या खोलीत अभ्यास करतेस, आणि हे दुपारभर बैठकीत फोनजवळ पेपर वाचत बसलेले. घंटी अगदी बारीक करून ठेवलेली. वाजली की उचलायचे आणि ठेवायचे. एकदा बोलले. "ती इथे राहत नाही," म्हणाले.

मला ते दिवस आठवले. मी दुकानातून आले की तू बोळ ओलांडून यायचीस आणि विचारायचीस, "कुणाचा फोन आला होता का?" मी यांच्याकडे बघायचे. हे म्हणायचे, "नाही." मी तुला तेच सांगायचे, नाही गं. मग एक दिवस तू विचारणं सोडलंस, आणि आलेल्या स्थळाला हो म्हणालीस. मला वाटलं, शहाणी झाली. मी पेढे वाटले.

आणि वर्षभराने बॅग घेऊन आलीस तेव्हा दार यांनी अर्धंच उघडलं. मी दुकानातून येईपर्यंत तू गेलेली होतीस. तिकडेही नाही, इकडेही नाही.

"का केलंत?" मी विचारलं.

"मला वाटलं, विसरेल. सुखात राहील."

"राहिली?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्या माणसाच्या नाकात नळी नसती तर मी काय केलं असतं सांगत नाही. आणि त्यांची उशी सरकली होती ती मी नीट केली. हे दोन्ही मी एकाच वेळी करत होते.

"आता टेलिफोनची वायर जोडलीय," ते म्हणाले. "तिने परत लावला तर मी तिला बघेन. दोन शब्द बोलेन. तिला हे सांगू नकोस. मी गेल्यावर सांग."

"तुम्ही गेल्यावर ती भांडणार कुणाशी? भिंतीशी?"

"ती येणार नाही गं कळलं तर."

"नाही आली तर नाही आली."

म्हटलं खरं. त्यांचे दिवस संपत आलेत, आणि त्यांना तुला बघायचंय. दुसरं काहीही त्यांनी मागितलेलं नाही. हे पत्र मी चुलीत घातलं तर रविवारी चार वाजता तू येशील, ते बोलतील, तू रडशील कदाचित, ते समाधानाने डोळे मिटतील. आणि नंतर मी तुला सांगायचं? तुझ्या हातात एक मेलेला माणूस द्यायचा आणि म्हणायचं, आता रागव? मला ते जमणार नाही. तो जिवंत आहे तोवर तुझा राग त्याला ऐकू गेला पाहिजे. क्षमा करायची झाली तरी तीसुद्धा जिवंत माणसालाच करता येते. दोन्हींपैकी काही एक कर असं मी म्हणत नाही. तू काहीच केलं नाहीस तरी ते तुझं.

मी पत्र पाठवतेय असं बाबांना सांगितलंय. कार्ड अजून उशाखाली आहे.

आई

१७ मार्च, सोमवार

चि. ठमीस,

बाबा गेले. गुरुवारी सकाळी, उजाडल्यावर. मावशीने तुला कळवलंच असेल. त्रास कमी झाला असं डॉक्टर म्हणतात. तुझ्या फोनमुळे लवकर गेले असं मनातसुद्धा आणू नकोस. डॉक्टरांना मी स्पष्ट विचारलं, ते म्हणाले तसं काही नाही, त्यांनी सांगितलं होतं त्याच मुदतीत झालं. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तसं असतं तर तसंही लिहिलं असतं.

नऊ तारखेच्या रविवारी तू फोन बंद केल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. म्हणून लिहिते.

तू लावशील असं मला वाटलं नव्हतं. चारला टॅब वाजला. बाबा दाढी करून, उशांना टेकून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. यंत्र चालू, चित्र स्वच्छ, तुझ्या मागच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा दिसत होतं. मला वाटलं, तू ओरडशील. तू ओरडावंस म्हणून मी देवाला हात जोडले होते.

तू एकच विचारलंस. "त्याचा फोन कधीपर्यंत येत होता?"

त्यांनी खोटं बोलावं असं क्षणभर मला वाटलं. आठवडाभर आला, मग थांबला, असं. त्यांना ते सहज बोलता आलं असतं.

ते म्हणाले, "तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळीसुद्धा आला होता. तू तयार होत होतीस."

तू बघत राहिलीस. मग पडदा काळा झाला.

बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. मग मला म्हणाले, "नेट गेलं का गं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. नेट कधीही जातं, सगळ्यांचं जातं. मी म्हणाले, "नाही. नेट आहे."

"डबीतली तार सैल झाली असेल. चढून बघ जरा."

"तार घट्ट आहे."

"बघ तर खरं."

मी स्टुलावर चढले नाही. टॅब त्यांच्यासमोर धरला आणि मावशीच्या नातवाचा एक फोटो नेटवरून उघडून दाखवला. लगेच उघडला. त्यांनी तो बघितला आणि मान हलवली. तरी संध्याकाळी परत विचारलं. सोमवारी विचारलं, मंगळवारी दोनदा. दर वेळी म्हणायचे, जोडणीतच काहीतरी आहे, नाहीतर तिने परत लावला असता. दर वेळी मी म्हणाले, वायर चांगली आहे, तुम्हीच घातली होती. मरणाच्या दारातल्या माणसाला एवढी एक सबब द्यायला काय हरकत होती, असं तुझी मावशी म्हणते. मला देता आली नाही. मी दुष्ट आहे का, मला कळत नाही. त्यांच्यावर माझा जीव होता, हे मात्र कळतं. ते गेल्यापासून दुकान उघडलेलं नाही.

बुधवारी रात्री त्यांना शुद्ध चांगली होती. मी नळी पुसत होते. टॅब समोरच ठेवलेला, ते हलवू देत नव्हते. ते म्हणाले, "वायर चांगली आहे."

"हो."

"तिनेच बंद केलं."

"हो."

"बरोबर केलं तिने," ते म्हणाले. मग म्हणाले, "त्यानंतरही येत होता गं फोन. पुष्कळ दिवस. हे तिला सांगायचं राहिलं."

म्हणून सांगितलं.

तुझी,
आई